न वटलेली हुंडी

अलंकार हा शब्द कानी पडताच आपल्या मनापुढे दागिना उभा राहतो, आणि शाळेत असताना उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, अनुप्रास यांची लक्षणे तोंडपाठ करून परीक्षेत उदाहरणांसह लिहून टाकली, की भाषेच्या या दागिन्यांशी असलेला आपला संबंध बहुधा संपुष्टात येतो. आशय हा देह आणि अलंकार हे त्यावरील लेणे. लेणे उतरवून ठेवले तरी देह जसाच्या तसा राहतो, ही समजूत तेव्हापासून मनात घर करून बसलेली असते. परंतु शब्दाची फोड केली तर निराळाच अर्थ हाती लागतो. ‘अलम्’ म्हणजे पुरे, पुरेसे. आणि अलंकार म्हणजे अपुऱ्याला पुरेपण आणणारी गोष्ट. सरळ विधानाची शक्ती जेथे संपते, तेथून पुढचे काम अलंकार करतो, असा या व्युत्पत्तीचा भावार्थ आहे. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्यातील एका जगद्विख्यात भाषणाकडे या अर्थाने पाहिले, तर त्यातील ज्या प्रतिमा आपण सौंदर्य म्हणून मिरवतो त्या वस्तुतः त्या भाषणातील युक्तिवादाचा कणा आहेत, हे ध्यानात येते. आणि ते ध्यानात यावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

ते भाषण म्हणजे २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे, अब्राहम लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवरून डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी केलेले भाषण. त्या दिवशी सुमारे अडीच लाख लोक तेथे जमले होते. या मोर्चाचे संपूर्ण नाव ‘रोजगार व स्वातंत्र्य यांसाठी वॉशिंग्टनवर मोर्चा’ असे होते, आणि त्यातील ‘रोजगार’ हा शब्द पुढील विवेचनासाठी वाचकांनी विसरू नये. ए. फिलिप रँडॉल्फ या वयोवृद्ध कामगार पुढाऱ्याने असा मोर्चा काढण्याचा संकल्प १९४१ सालीच सोडला होता. त्या वेळी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धसाहित्याच्या कारखान्यांत वर्णभेदाला मनाई करणारा हुकूम काढल्यावर तो मागे घेतला गेला, आणि बावीस वर्षांनंतर बायर्ड रस्टिन यांच्या चोख व्यवस्थेखाली तो प्रत्यक्षात उतरला. १९६३ चा उन्हाळा मोठ्या तापाचा होता. मे महिन्यात बर्मिंगहॅम शहरात मिरवणुकीत निघालेल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले होते व पाण्याच्या बंबांचे झोत मारले होते. जूनमध्ये मिसिसिपी राज्यात मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याचा त्याच्या राहत्या घराच्या दारात खून झाला होता. आणि अध्यक्ष केनेडी यांनी मांडलेले नागरी हक्कांचे विधेयक विधिमंडळापुढे पडून होते. चौतीस वर्षांचे किंग त्या दिवसाच्या वक्त्यांच्या यादीत अखेरचे होते आणि सुमारे सतरा मिनिटे ते बोलले.

भाषणातील मुख्य विवेचनाचा आरंभ त्यांनी कालगणनेच्या एका जुन्या रीतीने केला. शंभर वर्षे म्हणण्याऐवजी त्यांनी ‘पाच विसा वर्षे’ अशा धाटणीचा शब्दप्रयोग केला. आपल्या खेड्यांतील जुनी माणसे जशी विसांनी मोजत, तशीच ही मोजणी. पण अमेरिकन श्रोत्याच्या कानाला तीत आणखी एक नाद ऐकू येतो. लिंकन यांनी १८६३ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर केलेल्या भाषणाचा प्रारंभ याच रीतीच्या कालमापनाने झालेला आहे. किंग यांनी प्रथम लिंकनचे नावही घेतले नाही. ज्याच्या प्रतीकात्मक छायेत आपण उभे आहोत असा एक थोर अमेरिकन, एवढेच ते म्हणाले. आपल्या साहित्यशास्त्रात ज्याला ध्वनी म्हणतात, तो हाच: वाच्यार्थ शंभर वर्षांचा, आणि व्यंग्यार्थ असा की पाठीमागे संगमरवरात बसलेल्या या पुरुषाचे अपुरे राहिलेले वाक्य मी पुढे चालवीत आहे. बोलणारा कृष्णवर्णीय मनुष्य राष्ट्राच्या दारात आलेला उपरा नसून राष्ट्राच्याच वाणीचा वारस आहे, ही गोष्ट एकही दावा न मांडता आरंभीच प्रस्थापित झाली.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. त्याला शंभर वर्षे झाली, तरीही काय दिसते? येथे किंग ‘शंभर वर्षांनंतर’ हे पद चार वाक्यांच्या आरंभी चार वेळा ठेवतात, आणि त्यांपैकी तीन वेळा त्यापुढे एक चित्र उभे करतात: बेड्या व साखळदंड, समृद्धीच्या अफाट सागरात दारिद्र्याचे एकाकी बेट, स्वतःच्याच देशात हद्दपारी. वाक्यारंभी येणारी अशी पदावृत्ती ही नुसती लय नव्हे. घण एकाच जागी पुन्हा पुन्हा पडावा तशी ती शंभर ही संख्या श्रोत्याच्या मनावर ठोकत राहते, आणि जे शतक इतिहासाच्या पुस्तकात अभिमानाने साजरे व्हावयाचे, ते थकबाकीचा कालावधी म्हणून मोजले जाऊ लागते.

थकबाकी हा शब्द मी जाणूनबुजून वापरला, कारण पुढच्याच क्षणी या भाषणातील सर्वांत महत्त्वाची, परंतु लोकांच्या स्मरणात मागे पडलेली प्रतिमा येते. आम्ही आज राजधानीत एक धनादेश वटवण्यासाठी आलो आहोत, असे किंग म्हणतात. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना लिहिणाऱ्या पूर्वजांनी त्या लेखांवर सही केली, तेव्हा ती एक वचनचिठ्ठी होती आणि प्रत्येक अमेरिकन तिचा वारस होता; कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मात्र राष्ट्राने आपला वायदा मोडला, आणि त्यांच्या हाती पडलेला धनादेश खात्यात पुरेशी शिल्लक नाही असा शेरा घेऊन परत आला. तथापि न्यायाची पेढी दिवाळखोर झाली आहे, किंवा या देशाच्या संधीच्या तिजोऱ्या रित्या आहेत, यावर आम्ही विश्वास ठेवण्यास तयार नाही. सबब तो धनादेश वटवून घेण्यास आम्ही आलो आहोत. किंग यांचे म्हणणे ते एवढे.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हे सांगरूपक आहे. म्हणजे उपमेय आणि उपमान यांचे अभेदाने केलेले आरोपण एका बिंदूवर न थांबता अंगोपांगांसह पुरे केलेले. घटना म्हणजे वचनचिठ्ठी, नागरिक म्हणजे वारस, अन्याय म्हणजे वायदेभंग, सरकार म्हणजे पेढी, संधी म्हणजे तिजोरीतील ऐवज आणि मोर्चा म्हणजे वसुली. परंतु रूपकाची ही जुळणी किती कौशल्याची आहे एवढे सांगून थांबलो, तर आपण दागिन्याच्याच कल्पनेत अडकून पडलो असे होईल. खरे पाहावयाचे ते असे की, या रूपकाने मागणाराचा दर्जाच पालटून टाकला. तोपर्यंत हक्कांची मागणी हा अर्ज होता. अर्जदाराने विनंती करावी, मायबाप सरकारने मेहेरबान होऊन विचार करावा, आणि विचार करण्यास जितकी वर्षे लागतील तितकी अर्जदाराने वाट पाहावी. वचनचिठ्ठी हाती असलेला मनुष्य हा अर्जदार नसतो, तो धनको असतो. त्याला दया नको असते, त्याचे येणे हवे असते. आणि ते देताना ऋणकोने औदार्याचा आव आणावयाचा नसतो.

दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुळांच्या इतिहासाची ज्याला थोडी माहिती आहे, त्याला या पालटातील मर्म अधिक खोलवर जाणवेल. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर हजारो कुटुंबे जमीनदाराच्या शेतात अर्धेलीने राबत राहिली. बी-बियाणे, अवजारे, दाणागोटा हे सर्व जमीनदाराच्याच दुकानातून उधारीवर घ्यावयाचे आणि हंगामाच्या अखेरीस त्याच्याच खतावणीत स्वतःच्या नावावर बाकी निघालेली पाहावयाची. हिशेब लिहिणारा तोच आणि वाचणाराही तोच. सावकाराच्या वहीचा हा अनुभव महाराष्ट्रातील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ऋणको ठरवले गेले त्यांच्याच वतीने, देशाच्या राजधानीत, साऱ्या जगाच्या कॅमेऱ्यांपुढे एक मनुष्य उभा राहतो आणि वही उलटी फिरवून दाखवतो: बाकी आमच्या नावे नाही, तुमच्या नावे आहे. साध्या विधानाला हे साधले नसते. कृष्णवर्णीयांना समान हक्क मिळाले पाहिजेत, हे वाक्य सत्य असले तरी श्रोत्याचे आसन हलवत नाही. रूपकाने मात्र त्याला एका बाकावरून उचलून दुसऱ्या बाकावर बसवले. अपुऱ्याला पुरे करणे म्हणतात ते हे.

हे रूपक हवेतून आले नव्हते. भाषणाच्या मसुद्यात हात असलेले किंग यांचे वकील व सल्लागार क्लॅरेन्स जोन्स यांनी पुढे त्यामागील एक प्रसंग सांगितला आहे. बर्मिंगहॅमच्या आंदोलनात तुरुंगात गेलेल्या मुलांना जामिनावर सोडवण्यासाठी पैशांची निकड होती. नेल्सन रॉकफेलर यांनी न्यूयॉर्कमधील एका बँकेच्या तिजोरीतून एक लाख डॉलरची रोकड जोन्स यांच्या हाती दिली, आणि त्यापोटी त्यांच्याकडून एका वचनचिठ्ठीवर सही घेतली गेली. तो कागद त्यांच्या मनात राहिला. घटनेतील न पाळल्या गेलेल्या वचनाची जाणीव किंग यांच्यापाशी तर त्याहून कितीतरी जुनी होती. पंधरा वर्षांचे असताना, १९४४ साली, जॉर्जिया राज्यातील डब्लिन गावी झालेल्या वक्तृत्वस्पर्धेत ते ‘कृष्णवर्णीय आणि राज्यघटना’ याच विषयावर बोलले होते. आणि त्याच रात्री परतीच्या प्रवासात, गोऱ्या उतारूंसाठी बसमधील आपली जागा सोडून, त्यांना आपल्या शिक्षिकेसह अटलांटापर्यंत उभ्याने यावे लागले होते. एकोणीस वर्षांनी वॉशिंग्टनला जे रूपक उच्चारले गेले, त्याचे पहिले अक्षर त्या बसमध्ये लिहिले गेले असावे, असे मला वाटते.

किंग यांच्या धनादेशाला आपल्याकडील जुन्या भाषेत हुंडी म्हणता येईल, आणि पेढीच्या व्यवहारात हुंडीचे दोन प्रकार असतात, हे जुन्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. मुदती हुंडी ठरावीक दिवसांनंतर चुकती करावयाची असते. दर्शनी हुंडी मात्र दाखवताक्षणीच. घाई करू नका, हळूहळू सर्व होईल, असे सांगणाऱ्या सज्जनांची त्या काळी अमेरिकेत वाण नव्हती, आणि त्यांच्या लेखी ही हुंडी मुदती होती, तीही मुदत न लिहिलेली. किंग यांनी ती दर्शनी असल्याचे बजावले. मागताक्षणी देय असा त्या धनादेशाचा त्यांनी उल्लेख केला, आणि पाठोपाठ ‘हीच वेळ आहे’ हे पद चार वेळा उच्चारले. या चार वाक्यांत विरोधी चित्रांच्या जोड्या आहेत: वर्णभेदाची अंधारी उजाड दरी आणि न्यायाची उन्हाने उजळलेली वाट, अन्यायाची रुतवणारी वाळू आणि बंधुत्वाचा अढळ खडक. दरी, वाळू, खडक, ऊन, पानगळ या अशा गोष्टी आहेत की ज्या ओळखण्यास पुस्तकी विद्या लागत नाही. पंडित ज्यात शेक्सपिअरच्या नाटकाचा आणि बायबलचा पडसाद ऐकतो, त्यातच कापसाच्या शेतात घाम गाळलेल्या स्त्रीला आपला उन्हाळा दिसतो. एकाच वाक्यात दोघांनाही बसावयास जागा असावी, ही थोर वक्तृत्वाची एक खूण आहे.

मग ते आपल्याच लोकांकडे वळतात. स्वातंत्र्याची तहान द्वेषाच्या आणि कडवटपणाच्या प्याल्याने भागवू नका, असे ते बजावतात, आणि जे गोरे बांधव आज या मैदानात आले आहेत त्यांचे भवितव्य आपल्या भवितव्याशी बांधलेले आहे याची आठवण देतात. धनकोच्या तोंडी ही भाषा यावी यात मोठे औचित्य आहे. वसुलीला आलेला मनुष्य पेढी जाळावयास निघत नाही. ती शाबूत राहावी यातच त्याचे हित असते. रूपक आणि अहिंसा येथे एकमेकांना आधार देतात.

येथपर्यंतचे भाषण बव्हंशी लिहून आणलेले होते. पुढे जे घडले ते समजून घेण्यास आपल्या कीर्तनपरंपरेसारखा दुसरा दृष्टांत नाही. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण करतो, प्रमाणे देतो, सिद्धांत मांडतो. आणि उत्तररंगात आख्यान लावून सभेला बरोबर घेऊन निघतो. कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशकाचे प्रवचन थोड्याबहुत फरकाने याच वळणाचे असते. तेथेही श्रोते मूक नसतात. उपदेशकाच्या वाक्याला ते हुंकार देतात, उत्तर देतात, आणि त्या उत्तराने उपदेशकाचे पुढचे वाक्य घडते. अटलांटातील एबनेझर चर्चमधील उपदेशकांचा हा मुलगा व नातू या परंपरेतच वाढला होता. लिखित मजकूर संपत आला असता, थोड्याच वेळापूर्वी गाऊन बसलेल्या महेलिया जॅक्सन या गायिकेने पाठीमागून त्यांना हाक दिली आणि स्वप्नाची गोष्ट सांगण्यास सांगितले. किंग यांनी हातातील कागद बाजूस सारला. मागे उभ्या असलेल्या जोन्स यांना त्या क्षणी उमगले, की हा सारा समुदाय आता चर्चमध्ये प्रवेश करणार आहे. पूर्वरंग संपला होता.

वृत्तपत्रांना आगाऊ वाटलेल्या मजकुरात ‘माझे एक स्वप्न आहे’ हा भाग नव्हता. तथापि तो त्या क्षणी आकाशातून उतरला असेही नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलिनातील रॉकी माउंट येथे आणि १९६३ च्या जूनमध्ये डेट्रॉइट येथे किंग यांनी ही कल्पना मांडली होती. आणि ती आता जुनी झाली, पुन्हा घेऊ नका, असा सल्ला एका सहकाऱ्याने त्यांना दिलाही होता. पण कीर्तनकार तीच प्रमाणे शंभर गावांत घेतो आणि ज्या गावात सभा रंगते तेथे ती जणू प्रथमच उच्चारली जातात. अखेरीस येणारी, पर्वतापर्वतावरून स्वातंत्र्याची घंटा निनादू दे, ही मालिकासुद्धा शिकागोचे धर्मोपदेशक आर्चिबाल्ड केरी यांच्या १९५२ सालच्या एका भाषणाच्या समाप्तीशी निकटचे नाते सांगते. मौखिक परंपरेत वाणी ही सामाईक मिरास असते. ती कोणी, कोणत्या घटकेला, कोणासाठी उच्चारली याला तेथे मोल असते.

हे स्वप्न निरखून पाहावे. स्वप्न म्हटले की धूसरता आली, असा आपला संकेत. पण या स्वप्नाला भूगोल आहे. जॉर्जियाच्या तांबड्या टेकड्यांवर पूर्वीच्या गुलामांची आणि मालकांची लेकरे एका मेजाशी बसतील. अन्यायाच्या उष्म्याने होरपळणारे मिसिसिपी राज्य न्यायाची हिरवळ होईल. माझ्या चार लहान मुलांची पारख त्यांच्या कातडीवरून न होता शीलावरून होईल. आणि ज्या अलाबामाचा गव्हर्नर वर्णभेद टिकवण्यासाठी कायद्याची शब्दचाळवणी करतो, त्याच अलाबामात काळी-गोरी मुले हात धरून चालतील. आठ वेळा फिरून येणारे हे पालुपद एकेक निराळे ठिकाण दाखवत जाते, आणि राष्ट्रापासून निघून स्वतःच्या घरातील मुलांपर्यंत येते. शेवटी ते यशया या संदेष्ट्याच्या दर्शनाला जाऊन भिडते, जेथे दऱ्या उंचावतात आणि डोंगर सपाट होतात. मघाची ती अंधारी दरी येथे भरून येते, हे लक्षपूर्वक वाचणाराच्या नजरेतून सुटणार नाही.

घंटेच्या मालिकेतही असेच योजनेचे सूत्र आहे. प्रथम न्यू हँपशायर, न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया, कोलोरॅडो, कॅलिफोर्निया या उत्तरेकडील व पश्चिमेकडील राज्यांचे पर्वत येतात. एवढ्यावर थांबू नये, असे म्हणून किंग दक्षिणेकडे वळतात, आणि पहिले नाव घेतात ते जॉर्जियातील स्टोन माउंटनचे. याच पहाडावर १९१५ साली कू क्लक्स क्लॅन या हिंसक वर्णद्वेषी संघटनेने पुनर्जन्म घेतला होता. त्या एका नावाने, एकही कठोर शब्द न वापरता, द्वेषाच्या उगमस्थानीच स्वातंत्र्याची घंटा टांगली गेली.

मराठी वाचकाला येथे महाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या परिषदेत सांगितले होते, की चवदार तळ्याचे पाणी आजवर आपण प्यालो नाही म्हणून मेलो नाही आणि प्यालो म्हणून अमर होणार नाही; तेथे जावयाचे ते इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. त्या परिषदेची तुलना त्यांनी फ्रान्समधील १७८९ च्या राष्ट्रसभेशी केली. बाबासाहेबांची शैली निराळी. तीत उपदेशकाच्या लयीपेक्षा विधिज्ञाचा काटेकोरपणा अधिक. परंतु पाणी हे तहानेचे साधन न राहता मनुष्यत्वाची सनद बनते, तेथेही प्रतिमेने याचकाचा हक्कदार केला. पुढे १९५९ साली किंग भारतात महिनाभर हिंडले आणि मुंबईस आले असता गांधीजींचे वास्तव्य असलेल्या मणिभवनात मुक्कामाला राहिले, ही घटनाही या दोन भूमींमधील धाग्यांपैकी एक होय.

भाषण गाजले, पण त्यानंतर अवघ्या अठराव्या दिवशी, १५ सप्टेंबर रोजी, बर्मिंगहॅममधील एका चर्चमध्ये झालेल्या बाँबस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, १९६५ साली मतदानाच्या हक्काचा; हुंडीपैकी काही रक्कम वसूल झाली असे म्हणता येईल. तरीही १९६७ च्या नाताळातील प्रवचनात, ते स्वप्न दुःस्वप्नात पालटताना मी पाहिले, असे किंग यांनी वेदनेने सांगितले, आणि ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे, सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यास गेले असता, त्यांची हत्या झाली. रोजगार हा शब्द त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

जगाने मात्र स्वप्न जपले आणि हुंडी विसरली. पाठ्यपुस्तकांत, समारंभांत, भित्तिचित्रांवर उत्तररंग तेवढा राहिला. स्वप्नाचा आदर करण्यास काही द्यावे लागत नाही. हुंडी पुढे आली की द्यावे लागते. म्हणून आमच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे भाषण वर्गात घ्याल तेव्हा पहिल्या वाक्यापासून घ्या, आणि विद्यार्थ्यांना अलंकाराचे नाव विचारण्यापूर्वी, या अलंकाराने कोणाची जागा कशी बदलली, हे विचारा.

भाषणाचा शेवट त्या दृष्टीने पुन्हा वाचावा. अखेरीस मुक्तीच्या आनंदाचे जे जुने भक्तिगीत येते, ते आनंद झाला म्हणून गायलेले गीत आहे अशी अनेकांची समजूत असते. किंग यांचे वाक्य तसे नाही. ज्या दिवशी सर्व वर्णांची आणि सर्व धर्मांची माणसे हातात हात घालू शकतील, त्या दिवशी ती हे गीत गातील, असे ते म्हणतात. गीताचे शब्द त्यांनी उच्चारले, पण गाण्याचा दिवस भविष्यकाळात ठेवला. अडीच लाख लोक जयघोष करीत होते, आणि त्या जयघोषातसुद्धा वक्त्याने आपल्या हातातील कागदावर रक्कम पावल्याची सही केली नव्हती.